घरच्या वेळेचा धनी कोण?

कुटुंबाला वेळ किती दिला याला महत्त्व नसून तो कसा दिला यालाच महत्त्व आहे, हे मत अलीकडे इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की त्याविरुद्ध ब्र काढणाऱ्याकडे लोक कुटुंबवत्सलतेचा वैरी म्हणून पाहू लागतात. नोकरदारांसाठी भरवलेल्या शिबिरांतून, शाळांच्या पालकसभांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि पहाटेपासून मोबाइलवर येऊन पडणाऱ्या सुविचारांतून एकच उपदेश निरनिराळ्या शब्दांत आपल्यापर्यंत येत असतो: दिवसाचे तास राजालाही चोवीस आणि रंकालाही चोवीसच, ज्याला नियोजन साधले त्याला अर्धा तास पुरतो आणि ज्याला ते साधले नाही त्याला अख्खा दिवस अपुरा पडतो, सबब ज्याच्या घरी बापलेकांचे बोलणे तुटले, ज्याच्या घरी नवराबायकोला एकमेकांशी दोन शब्द बोलण्याची सवड उरली नाही, त्याने परिस्थितीला बोल न लावता स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावावा. हा उपदेश करणारी माणसे दुष्ट नाहीत. पुष्कळदा ती मनापासून बोलतात, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद सविस्तर करणे अवश्य आहे. सोलापूरसारख्या शहरात, जिथे हजारो घरांत नगाच्या हिशेबाने मजुरी मोजली जाते, तिथे हा उपदेश नुसता अपुरा नाही; तो अन्यायकारक आहे.

त्यातील सत्यांश आधीच मान्य करून टाकतो. शरीराने घरी आणि चित्ताने अन्यत्र असलेला बाप मुलाला मिळूनही न मिळाल्यासारखाच असतो, हे खरे आहे, आणि हातातल्या यंत्रावरून नजर न उचलता मुलाला हुंकार देणाऱ्या आईबापांची संख्या वाढत आहे, हेही खरे आहे. परंतु लक्ष ही हुकूम सोडताच हजर होणारी वस्तू नव्हे; ते विश्रांतीतून उत्पन्न होते. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास उभा राहून जो मनुष्य घरी परततो, त्याच्या कानांतून तो खडखडाट लगेच जात नाही. मुलाने शाळेतली हकीकत सांगायला आरंभ केला तर तिचा पूर्वार्ध त्याला ऐकूच येत नाही आणि उत्तरार्ध येईतो त्याचे डोळे मिटू लागतात. त्याचे मुलावर प्रेम कमी आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याचे सगळे बळ दिवसभरात कामावर वेचले गेले, त्याच्या उरलेल्या अर्ध्या तासाचा दर्जा तपासत बसणे ही चौकशीच मुळात चुकीच्या इसमाची चाललेली आहे.

या मताची खरी कसोटी पाहायची तर सोलापूरच्या पूर्व भागात जावे. तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाने हातमाग आणि पुढे यंत्रमाग यांवर या शहराच्या चादरीचे नाव देशभर केले, आणि याच वस्तीत पुरुष मागावर व बाई विडीवर अशी श्रमाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या रूढ झाली. आज विड्या वळण्याचे काम मुख्यतः घरी होते. उपदेशकांच्या मोजमापाने पाहिले तर या घरासारखे भाग्यवान घर नाही: आई दिवसभर घरीच असते, मुले तिच्या डोळ्यांसमोर असतात, सासू, सून, लेक एकाच खोलीत मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात. पण त्या खोलीत क्षणभर थांबून पाहावे. आईच्या मांडीवर सूप आहे, सुपात तंबाखू आहे, शेजारी ओलसर ठेवलेली तेंदूची पाने आहेत, कात्री मापाबरहुकूम पान कापते आहे, बोटे ते वळतात, टोक दुमडतात, दोरा बांधतात आणि दुसरे पान उचलतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि सरावलेल्या हातांनाही हजार विड्या पुऱ्या करता करता दिवस सरतो. झालेला माल शाखेत नेऊन द्यावा लागतो, तेथील तपासणीत नापसंत ठरलेल्या विड्या हिशेबातून वगळल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसाचे पान-तंबाखू घेऊन ती बाई घरी येते तेव्हा स्वयंपाक व्हायचाच असतो. मुलगी वही घेऊन जवळ आली आणि आईने मान वर केली तर तेवढ्या वेळची विडी राहते. मुलाला ताप आला म्हणून त्याला कुशीत घेतले तर त्या दिवसाची मजुरीच राहते. येथे सहवासाची वाण नाही. वाण आहे ती रिकाम्या हातांची, आणि ही वाण त्या बाईने कोणत्या नियोजनाने भरून काढावी, ते कोणी सांगत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की कायद्यानेही या घराकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि त्यात दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास ही कमाल मर्यादा घालून देण्यात आली. परंतु ती मर्यादा औद्योगिक आवारात होणाऱ्या कामाची. घराच्या उंबऱ्याच्या आत हेच काम किती वाजेपर्यंत चालावे, याचे मोजमाप कोणी ठेवले नाही. पुढे १९८६ साली बालकामगारांविषयीचा कायदा आला, त्याच्या परिशिष्टात मुलांना मना असलेल्या कामांमध्ये विडी वळण्याचे नाव घातले गेले, आणि त्याच कायद्यात घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूटही देण्यात आली. कुटुंबाच्या आत मुलाचे होते ते श्रम नव्हेत, ती मदत, असा त्या सवलतीमागचा समज होता. २०१६ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच अरुंद केली, हे नमूद केले पाहिजे. पण मधल्या ३० वर्षांत आईच्या शेजारी बसून पाने कापणाऱ्या, दोरा बांधणाऱ्या मुलींची एक पिढी वाढून संसाराला लागली. त्या मुलींनी आईचा सहवास किती मिळवला, असे विचारले तर उत्तर येईल, भरपूर. त्या सहवासात त्यांचे बालपण मात्र कामाला जुंपले गेले होते.

विडी हा पदार्थच आरोग्याला घातक आहे आणि तिची धूळ ज्या खोलीत अन्न शिजते तिथे साचू नये, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण धंदा आहे तोवर तो कसा चालावा, हा प्रश्न सुटत नाही. केरळात कण्णूरच्या बाजूला या प्रश्नाचे एक उत्तर निघाले होते. १९६६ च्या कायद्याची अंमलबजावणी तेथे सुरू होताच खाजगी मालकांनी कारखाने बंद केले, हजारो कामगार उघड्यावर पडले, आणि १९६९ साली राज्य सरकारच्या पाठिंब्याने कामगारांची दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या कामाच्या जागी कामगार ओळीने बसत, त्या मुलखातील जुन्या रिवाजाप्रमाणे एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे विड्या वळता वळता ऐकत. कामाला स्वतंत्र जागा होती, वेळेला आरंभ होता आणि अंत होता, आणि तंबाखू घरी येत नव्हती. त्या कामगाराचे घर तेवढ्यापुरते तरी घर राहिले. हा फरक कोणा आईबापांच्या सद्गुणांमुळे पडला नाही. कामाची जागा आणि कामाची वेळ कोण ठरवतो, यामुळे पडला.

आपल्याकडे या गोष्टीचा विसर पडावा, हे मोठे नवल आहे, कारण आज ज्याला आपण सहजपणे सुट्टीचा रविवार म्हणतो तो रविवारदेखील मागून, झगडून मिळवलेला आहे. सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली. ज्या काळात या शहराचा दिवस भोंग्यावर उगवू आणि मावळू लागला, त्या काळात गिरणीकामगाराला आठवड्याची सुट्टी मिळण्याचा कायदा नव्हता आणि प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना सीमा नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला त्यात मागण्या तरी कोणत्या होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्यास्ताला काम बंद, आणि पगार वेळेवर. ५,५०० कामगारांच्या सह्या त्या अर्जावर पडल्या. मालकांनी तो मानला नाही. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलात पुन्हा दहा हजारांची सभा भरली, तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ तास आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून जे काम उभे केले त्याच ओघात, १९४६ साली ४८ तास, अशी पायरीपायरीने ही मर्यादा उतरत आली आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमात कायम झाली. या ५८ वर्षांच्या मालिकेतला एकही तास कोणा कामगाराच्या नियोजनकौशल्याने वाचलेला नाही.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा हे तत्त्व मान्य केले, ना. म. जोशी तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हजर होते. आणि त्याच ठरावात हिंदुस्थानापुरती ६० तासांची वेगळी तजवीज करण्यात आली. युरोपातल्या बापापेक्षा हिंदुस्थानातल्या बापाने दर आठवड्याला १२ तास अधिक घराबाहेर काढावेत, असा त्या तजविजीचा सरळ अर्थ होता. हिंदी मनुष्याला आपल्या मुलांची ओढ कमी असते, असे तेव्हाही कोणी उघड म्हटले नव्हते. त्याचे तास तेवढे वेगळे मोजले गेले होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या साऱ्यांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्याला उत्तर दिलेच पाहिजे. श्यामच्या आईला कुठे फुरसत होती, असे विचारले जाते. दारिद्र्य होते, कामाचा डोंगर होता, तरी तिने मुलाला घडवलेच ना? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक ज्यांनी लक्षपूर्वक वाचले असेल त्यांनी हा दाखला उलट बाजूने द्यावा. ती आई काम करत होती, हे निर्विवाद. पण तिचे हात नगावर मोजले जात नव्हते. न्हाऊन निघालेल्या मुलाने पायाला माती लागेल म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याचा हट्ट पुरवून मग मनाच्या स्वच्छतेविषयी दोन शब्द बोलण्याएवढा क्षण तिच्याजवळ होता, आणि तो क्षण तिने कोणत्या वेळापत्रकात राखून ठेवलेला नव्हता. मूल आपले मन आईबापांच्या सोयीने उघडत नाही. ते न्हाताना बोलते, जेवणाच्या पानावर रुसते, दिवा मालवल्यावर अंधारात एकदम काहीतरी विचारते. आणि त्या घटकेला जो जवळ असेल, ज्याचा हात मोकळा असेल, त्यालाच ते उत्तर मिळवून घेण्याचा मान देते. शेतातल्या पावसासारखी ही गोष्ट आहे: तो कधी येईल ते ठरवता येत नाही, जमीन तेवढी पडीक न ठेवणे आपल्या हाती असते. पुष्कळ वेळ हवा तो याचसाठी. त्यातला बराचसा वरवर वाया जातो, आणि त्या वाया जाण्यातूनच हे क्षण निपजतात. ठरवलेल्या अर्ध्या तासात मुलाला बसवून, बोल आता, असे म्हणणाऱ्या बापाला मूल गृहपाठाची माहिती देते. मनातले सांगत नाही.

हा प्रश्न केवळ विडी कामगारांचा किंवा यंत्रमाग कामगारांचा आहे असे समजून पांढरपेशा वाचकाने स्वस्थ बसू नये. सोलापूरच्या शिकलेल्या मुलामुलींचा ओघ पुण्याकडे लागून आता दोन पिढ्या होत आल्या. येथील कितीतरी घरांत आईवडील दोघेच असतात आणि शनिवार-रविवारकडे डोळे लावून बसतात. हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री उशिरा उतरणारा मुलगा एक दिवस घरी काढतो आणि रविवारी परतीची वेळ गाठायची म्हणून दुपारपासूनच त्याचे चित्त उडालेले असते. नातवंडांची ओळख आजी-आजोबांना पडद्यावर होते. या मुलांना कोणी मजूर म्हणत नाही, पण त्यांच्या दिवसाचे धनी तेही नाहीत. २०२३ च्या अखेरीस नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे मत व घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, या आशयाचा त्यांचा प्रश्न जगजाहीर झाला. आठवड्याचे ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ १३ तास. उरलेल्या ११ तासांत झोप, प्रवास, आंघोळ आणि जेवण उरकून जे काही हाती राहील त्यात दर्जा उत्पन्न करा, असे सांगणे म्हणजे कुटुंबाला वेळ देण्याची भाषा कायम ठेवून वेळ काढून घेणे होय. त्या प्रश्नावर देशभर जो संताप उसळला तो योग्यच होता; खेद एवढाच की तो संताप आठवडाभरात ओसरला.

आणि तो ओसरल्यावर त्याच वर्षी ३ सप्टेंबरला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर, तर दुकाने व आस्थापनांतील ९ तासांवरून १० तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. तिमाहीतील जादा कामाची कारखान्यांतील मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. समर्थनार्थ सांगितले जाते की आठवड्याचे ४८ तास कायमच आहेत, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाणार आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या मानूनही माझी हरकत उभीच राहते. मुलाचे आयुष्य आठवड्याच्या बेरजेने चालत नाही, ते रोजच्या सूर्यास्ताने चालते. चार दिवस ज्याचा बाप तो झोपल्यावर येतो आणि उठण्यापूर्वी जातो, त्याला पाचव्या दिवशी तो बाप परका वाटतो. राहिली संमती. ज्याचे घरभाडे, मुलांची फी आणि दवाखाना मूळ पगारात भागत नाही, तो मनुष्य जादा तासांच्या कागदावर सही करणारच. त्या सहीला इच्छेचा पुरावा मानणे म्हणजे तहानलेल्याने गढूळ पाणी प्यायले म्हणून त्याला ते आवडते असा निर्वाळा देणे होय.

स्त्रीच्या वेळेचा विचार या सगळ्या चर्चेत सर्वांत शेवटी येतो, आणि येथेही तो उशिराच येतो आहे. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिले. ते अवेळी आले तर त्याची वाट पाहत जागणे, भांडीकुंडी भरणे, पुढल्या पाळीपर्यंत ते पुरवणे, हे काम कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही. उजनीसारखे प्रचंड धरण याच जिल्ह्यात असताना हे तास कोणी खाल्ले, हा सवाल कुटुंबाच्या वेळेचाच सवाल आहे. ज्या बाईची पहाट पाण्यात, दुपार विडीत आणि संध्याकाळ चुलीपाशी गेली, तिला मुलांशी सुसंवाद साधण्याच्या पाच युक्त्या सांगणारा व्याख्याता तिचा अपमान करतो, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: कामगाराला मोकळा वेळ दिला तर तो गुत्त्यात जाईल, पडद्यासमोर बसेल, घरी थोडाच देईल! काही जण तसे करतील, हे मी नाकारत नाही. पण रविवारची सुट्टी ज्यांनी मागितली त्यांनी ती सद्वर्तनाच्या हमीपत्रावर मागितली नव्हती. आपला वेळ आपण कसा घालवू हे ठरवण्याचा हक्क म्हणून मागितली होती. शिवाय थकव्याने चुरगाळलेल्या मनुष्याला दारूचा आधार घ्यावासा वाटतो, की विसावलेल्याला, याचा विचार आक्षेपकांनीच करावा. सोलापुरातच, कुंभारीच्या माळावर, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ लढ्यानंतर २००६ साली विडी कामगारांची १०,००० घरे उभी राहिली. छप्पर मागायला संघटना लागली. तासही संघटित होऊनच मागावे लागतील.

तेव्हा माझे म्हणणे मोघम राहू नये म्हणून स्पष्ट मांडतो. हजार विड्यांचा दर असा ठरावा की आठ तासांच्या वळणावळीत घरखर्च भागेल आणि दिवेलागणीला सूप बाजूला ठेवता येईल. वस्त्यांच्या जवळ, हवा-उजेडाच्या आणि पाळणाघर असलेल्या कामाच्या जागा व्हाव्यात, म्हणजे तंबाखू घरातून बाहेर जाईल. बारा तासांच्या दिवसाची तरतूद मागे घ्यावी. कचेरीतून सुटलेल्या माणसाला रात्री फोनवरून पुन्हा कामाला जुंपण्याची मुभा मालकाला नसावी. आणि जे पालकसभा भरवतात त्यांनी पुढल्या सभेला गावातले कारखानदार, दुकानदार आणि विडी कारखान्यांचे व्यवस्थापक यांनाही बोलावून पुढल्या रांगेत बसवावे, आणि तुम्ही मुलाशी रोज किती वेळ बोलता, हा प्रश्न पालकाला करण्यापूर्वी त्याला सर्वांसमक्ष विचारावे की तुमच्या पाळीचे तास किती, आणि तुम्हाला दर काय मिळतो.